पहिला पेपर आला, आता विद्यार्थिनीच्या मागे उभं राहायचं म्हणजे नक्की काय करायचं

सर, तुमचा प्रश्न मी असा समजले. तुम्ही गोव्यात बार्देशात कॉलेजात शिकवता, तुमच्या हाताखालची ही पहिलीच पीएचडीची मुलगी, तिचा पहिला पेपर गेल्या महिन्यात आला, पेशी उपाशी ठेवल्यावर लायसोसोम (पेशीतल्या जुनं-टाकाऊ पचवणाऱ्या पिशव्या) केंद्रकाजवळ कसे सरकतात त्यावरचा. थिसिस द्यायला अजून आठ-नऊ महिने आहेत. कॉलेज सत्कार करतंय, आणि तुम्हाला विचारायचंय की सत्कार सोडून तिच्या या कामाला आधार द्यायचा म्हणजे काय करायचं.

सत्कार जरूर करा. शाल-नारळ द्या, आईवडिलांना पुढच्या रांगेत बसवा, पाच वर्षं आपली पोर शेवटच्या बसने घरी का येत होती ते त्यांना कदाचित त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळेल. पण मी सव्वीस वर्षं सेल कल्चर, म्हणजे लॅबमध्ये पेशी वाढवायचं काम करतेय, बऱ्याच मुलामुलींचे पहिले पेपर माझ्या लॅबमधून गेलेत, आणि दर वेळी हेच बघितलं की पेपर आला की आपण फाइल मिटतो आणि नेमकं तेव्हाच बाहेरचे लोक ती उघडायला लागतात. ती तुमच्याकडे आहे तोवरचे हे आठ-नऊ महिने फार मोलाचे आहेत, कारण नंतर ती जाते, कॉलेजचा ईमेल बंद होतो, हार्ड डिस्क कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये पडते, आणि दोन वर्षांनी कुणीतरी कुठूनतरी विचारतं की तिसऱ्या आकृतीतला प्लाझमिड (हवं ते जनुक घातलेला डीएनएचा गोल तुकडा) मिळेल का, तेव्हा उत्तर द्यायला कुणीच नसतं. नाव मात्र तिचं असतं.

म्हणून पहिलं काम हे करा. लॅबमध्ये एमएस्सी डिझर्टेशनचा कुणी मुलगा असेल तर त्याला तिची वही द्या आणि पहिल्या आकृतीतला मुख्य प्रयोग फक्त वहीवरून करायला सांगा. तिने शेजारी उभं राहायचं नाही, प्रश्न आला तर लिहून ठेवायचा. मी हे आता प्रत्येक पेपरनंतर करते, आणि पहिल्याच फेरीत प्रयोग जसाच्या तसा आला असं क्वचितच होतं. याचा अर्थ पेपर चुकीचा असा नाही हं. हाताला माहीत असलेल्या पन्नास गोष्टी वहीत लिहिलेल्याच नसतात. तुमच्याच विषयाचं घ्या, उपाशी ठेवायला ईबीएसएस (अमिनो आम्लं नसलेलं क्षारांचं द्रावण) वापरलं असेल तर त्यात बायकार्बोनेट असतं, ते सीओटू इन्क्युबेटरच्या बाहेर बेंचवर पडून राहिलं की अल्कलाइन होत जातं, रंग गुलाबी-जांभळा होतो, आणि पेशीच्या आतला पीएच बदलला की लायसोसोम जागा बदलतात हे जॉन ह्यूझरने १९८९ मध्येच दाखवलंय, आम्लता वाढली की ते कडेला जातात आणि उलट झालं की मध्ये येतात. म्हणजे एकजण ईबीएसएस आधी इन्क्युबेटरमध्ये ठेवून वापरतो आणि दुसरा फ्रिजमधून काढून थेट घालतो, तर दोघांची चित्रं वेगळी येणारच. आता तुमच्या मुलीला हे माहीत असेल, ती बाटली नेहमी रात्रीच आत ठेवत असेल, पण ते तिने कुठे लिहिलंय का? पेपरातल्या मेथड्समध्ये तर एकच ओळ असते, पेशी दोन तास ईबीएसएसमध्ये ठेवल्या, संपलं. पेशी किती दाट होत्या, कितव्या पॅसेजच्या (कितव्यांदा नव्या भांड्यात वाढवलेल्या) होत्या, किती वेळा धुतल्या, फॉर्मॅल्डिहाइड कोमट होतं की गार, हे सगळं त्या मुलाच्या प्रश्नांमधून बाहेर येईल. ते जमवून सविस्तर प्रोटोकॉल लिहायला लावा आणि प्रोटोकॉल्स डॉट आयओ या वेबसाइटवर टाका, तिथे डीओआय, म्हणजे कायमचा ऑनलाइन क्रमांक मिळतो, म्हणजे कुणी ते वापरलं तर तिच्या नावाने उल्लेख करता येतो.

दुसरं म्हणजे मूळ इमेजेस. पेपरात असतात त्या कापलेल्या, ब्राइटनेस लावलेल्या, मूळ फाइल वेगळी, कन्फोकल मायक्रोस्कोपवरून जी निघते ती, तिच्यात कुठली लेन्स, लेझर किती, झेड-स्टॅकमध्ये (पेशीच्या थराथराने घेतलेल्या चित्रांमध्ये) किती अंतर हे सगळं आत बसलेलं असतं. ती फाइल जपायची, जेपेग करून मूळ उडवायची नाही. तुमच्या मुलीने इमेजिंग पुण्याला जाऊन केलंय असं तुम्ही म्हणता, मग बहुतेक निम्मा डेटा तिकडच्या कॉम्प्युटरवर असेल, आणि असे कॉम्प्युटर दर काही महिन्यांनी साफ करतात, तेव्हा उद्याच फोन करा. आम्हीही ते दिवस काढलेत, वास्कोहून गोवा एक्स्प्रेसने स्लाइडचा डबा मांडीवर धरून जायचं, दोन दिवसांचा स्लॉट, आणि परत येताना एका पेनड्राइव्हवर चार वर्षांचं आयुष्य. आता झेनोडो या डेटा ठेवायच्या वेबसाइटवर एका डेटासेटला ५० जीबीपर्यंत फुकट ठेवता येतं, मायक्रोस्कोपीसाठी खास बायोइमेज अर्काइव्ह आहे, तेही फुकट. एक दिवस बसून फोल्डरना नावं नीट द्या, तारीख, प्रयोग क्रमांक, कंडिशन. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल सरांनी बघितलेलं' असली नावं तिलाही सहा महिन्यांनी कळणार नाहीत.

आणि त्यासोबत आकड्यांचं टेबल द्या, त्यात प्रत्येक पेशी कुठल्या दिवसाच्या प्रयोगातली हे एका कॉलममध्ये हवंच. हे मी मुद्दाम सांगतेय. पेपरमध्ये लिहिलेलं असतं की ३०० पेशी मोजल्या, पी व्हॅल्यूला चार शून्यं, म्हणजे फरक अगदी पक्का वाटावा असा आकडा, पण प्रयोग तीनदाच केलेला असतो, तर खरा एन, म्हणजे स्वतंत्र प्रयोगांची संख्या, तीन, तीनशे नव्हे. एकाच प्लेटमधल्या शंभर पेशी म्हणजे शंभर स्वतंत्र पुरावे होत नाहीत. २०२० मध्ये जर्नल ऑफ सेल बायॉलॉजीत सुपरप्लॉट्स नावाचा एक छोटा लेख आला, त्यात दाखवलंय की सगळ्या पेशी फिक्या ठिपक्यांनी दाखवायच्या आणि प्रत्येक दिवसाची सरासरी वर ठळक, दिवसाला एक रंग. तिचा ग्राफ तसा नसेल तर पेपर आता बदलत नाही, पण थिसिसमध्ये तसा काढू दे आणि टॉकमध्ये तोच वापरू दे. इंटरव्ह्यूत हा प्रश्न हमखास येतो.

प्लाझमिड बनवले असतील तर ॲडजीनला देता येतात, ही प्लाझमिड जपून इतर लॅबना पुरवणारी २००४ पासूनची ना-नफा संस्था आहे, देणाऱ्याकडून पैसे घेत नाही, पण संस्थेची सही, बायोसेफ्टी कमिटीचा कागद, एमटीए (साहित्य देण्याघेण्याचा करार) हे सगळं लागतं आणि ते तुम्हीच करायचं, तिच्या गळ्यात ऑफिसच्या खेपा घालू नका. कुणी थेट मागितला आणि कागद झाले असतील तर फिल्टर पेपरवर डीएनएचा थेंब टाकायचा, पेन्सिलने गोल काढायचा, पूर्ण सुकवून झिपच्या पिशवीत साध्या पाकिटातून पाठवायचा, समोरच्याने तो गोल कापून थोड्या बफरमध्ये भिजवला की ट्रान्सफॉर्मेशन (तो डीएनए जिवाणूंत घालून वाढवणं) होतं. आपल्याकडे पावसात मात्र नीट सुकत नाही, तेव्हा डेसिकेटरमध्ये रात्रभर ठेवा. आणि सेल लाइनची एसटीआर टेस्ट (पेशी खरंच त्याच लाइनच्या आहेत का याची डीएनए चाचणी) आणि मायकोप्लाझ्मा (कल्चरमध्ये घुसणारे अगदी बारीक जिवाणू) टेस्ट केल्याचा कागद असेल तर तोही फाइलला लावा, नसेल तर आत्ता करून घ्या. मायकोप्लाझ्मा साध्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाही आणि पेशीचं खाणंपिणं बदलतो, उपासावरच्या कामात तर हा पहिला संशय घेतला जातो.

आता थोडं अवघड बोलते. समजा हे सगळं तपासताना चूक सापडली तर?

माझ्याकडे झालंय ते. पेपर येऊन चार महिने झाले होते, मुलगी थिसिससाठी आकृत्या नव्याने लावत होती, आणि तिच्या लक्षात आलं की एका ब्लॉटखाली (प्रथिनं पट्ट्यांसारखी दाखवणाऱ्या चित्राखाली) लोडिंग कंट्रोलची, म्हणजे सगळीकडे सारखंच प्रथिन घातलंय हे दाखवणारी पट्टी दुसऱ्याच ब्लॉटची लागलीय. दोन्ही ट्यूब्युलिन या प्रथिनाच्या, दिसायला सारख्या, रात्री उशिरा आकृती जुळवताना चुकून लागली. तिने तीन दिवस कुणालाच सांगितलं नाही, जेवत नव्हती, मग एका संध्याकाळी माझ्या केबिनमध्ये येऊन रडायला लागली की मॅडम माझं करिअर संपलं. मी तिला म्हटलं आधी चहा पी, मग मूळ फिल्म काढ. फिल्म होती, खरी पट्टी होती, निष्कर्षात काही फरक पडत नव्हता. दुसऱ्या दिवशी आम्ही एडिटरला पत्र लिहिलं, काय चुकलं, कसं चुकलं, ही मूळ इमेज. पत्र माझ्या सहीने गेलं, त्यात तिच्यावर काही ढकललं नाही, कारण आकृती सबमिट करण्याआधी बघायची जबाबदारी माझी होती आणि मी ती घाईत बघितली होती. काही आठवड्यांनी करेक्शन छापून आलं. आज ती परदेशात आहे, तिच्या सीव्हीत त्या पेपरखाली ते करेक्शन ती स्वतः लिहिते, आणि तिच्या आताच्या बॉसने तिला सांगितलं की तुला घेताना हे आम्हाला आवडलं होतं.

असं होणं किती साधं आहे ते बघा. एलिझाबेथ बिक आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये २०,६२१ पेपर डोळ्यांनी तपासले होते, ३.८ टक्क्यांत इमेजची गडबड होती, त्यातल्या किमान निम्म्यांत मुद्दाम केल्यासारख्या खुणा होत्या. मग उरलेल्यांतल्या बऱ्याचशा साध्या चुका असणार, अगदी आमच्यासारख्या. पबपीअरवर (छापून आलेल्या पेपरांवर चर्चा करायच्या वेबसाइटवर) कुणी तिच्या पेपरवर प्रश्न टाकला तर घाबरून गप्प बसायचं नाही आणि चिडायचंही नाही, मूळ फाइल उघडायची आणि उत्तर द्यायचं. गाइडने त्या वेळी हात झटकले तर मुलगी मोडते, हे मी दुसऱ्यांच्या लॅबमध्ये बघितलंय.

क्रेडिटचं बोलायला आपल्याकडे संकोच वाटतो, पण बोला. तिला बसवून घ्या आणि स्पष्ट ठरवा की या पेपरातून पुढे निघणारे कुठले प्रश्न तिचे आणि कुठले लॅबचे. ती पोस्टडॉकला जाताना काय बरोबर नेणार, तुम्ही पुढच्या मुलाला काय देणार. मग ते मेल करून ठेवा दोघांना. माझ्या स्वतःच्या गाइडने हे केलं नव्हतं आणि आम्ही दोन वर्षं एकमेकांना न सांगता तेच काम करत होतो, वाईट हेतू कुणाचाच नव्हता. शिफारसपत्रात 'मेहनती आणि नम्र' असलं लिहू नका, सगळेच लिहितात. लिहा की लायसोसोमचं केंद्रकापासूनचं अंतर मोजायचा फिजी या इमेज सॉफ्टवेअरचा मॅक्रो तिने स्वतः लिहिला, की दुसऱ्या एसआयआरएनएने (जनुक गप्प करणाऱ्या आरएनएने) आणि रेस्क्यूने (ते जनुक परत घालून) तपासायचं हे तिने सुचवलं, जे खरं असेल ते. ऑर्किड (ORCID, संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक) नंबर नसेल तर काढायला सांगा, पाच मिनिटांचं काम. आणि आता तिला रोज 'आदरणीय प्रोफेसर' म्हणून पेपर मागणारे, कॉन्फरन्सला बोलावणारे मेल येतील, पैसे मागणारे, त्यातलं बहुतेक कचरा आहे हे एकदा समोर बसून दाखवा, पहिल्यांदा मुलांना ते खरं वाटतं.

टॉक द्यायला लावा. ताळगाव पठारावर विद्यापीठात, झुआरीनगरला बिट्समध्ये, दोनापावलला एनआयओत (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत), जिथे कुणी ओळखीचं असेल तिथे एक तास मागून घ्या, गोव्यात अर्ध्या-पाऊण तासात सगळीकडे पोचता येतं हा आपला मोठा फायदा आहे आणि आपण तो वापरत नाही. तिथे तिला विचारतील की ब्लॉटमध्ये एलसीथ्री-टू हे खुणेचं प्रथिन वाढलं म्हणजे ऑटोफॅजी (पेशीने स्वतःचेच भाग मोडून खाणं) वाढली की पुढे लायसोसोमला अडकली, लायसोसोमचं पचन थांबवणारं बॅफिलोमायसिन घालून फ्लक्स, म्हणजे या कामाचा वेग बघितला का. हा प्रश्न पहिल्यांदा इथे मित्रांसमोर येऊ दे, मग अखिल भारतीय सेल बायॉलॉजी कॉन्फरन्सला आला तरी ती गडबडणार नाही. परदेशात काही आठवडे एखादं तंत्र शिकायला जायचं असेल तर कंपनी ऑफ बायॉलॉजिस्ट्स या ब्रिटनमधल्या ना-नफा प्रकाशन संस्थेची ट्रॅव्हलिंग फेलोशिप बघा, आणि भारत २०१६ पासून एम्बो या युरोपातल्या जीवशास्त्रज्ञांच्या संघटनेशी सहयोगी सदस्य म्हणून जोडलेला आहे, त्यामुळे पोस्टडॉक फेलोशिपसाठी तिकडचाही दरवाजा आहे. त्याच कंपनी ऑफ बायॉलॉजिस्ट्सचं प्रीलाइट्स आहे, तिथे तरुण संशोधक इतरांच्या प्रीप्रिंटवर (जर्नलमध्ये छापण्याआधी ऑनलाइन टाकलेल्या पेपरवर) लिहितात, लिहिता लिहिता त्या विषयातली माणसं ओळखीची होतात, हे मला आमच्या वेळी मिळालं असतं तर किती बरं झालं असतं.

पेपरबद्दल इथल्या वर्तमानपत्रात आलं पाहिजे असं कॉलेजला वाटेल. यावं, मराठीत यावं, पण मजकूर तुम्ही आणि तिने मिळून लिहून द्या आणि छापण्याआधी मथळा वाचून दाखवा असं सांगा. मी हे सांगतेय त्याला कारण आहे. बरीच वर्षं झाली, आमच्या एका मुलाचं काम हीला पेशींवर होतं, मुळात कॅन्सरच्या गाठीतून आलेल्या पण बाटलीत वाढवलेल्या पेशी, आणि एका वर्तमानपत्रात मथळा आला की गोव्याच्या तरुणाने कॅन्सरवर इलाज शोधला. दोन दिवसांनी डिचोलीहून एक गृहस्थ आले, बायकोची फाइल प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन, बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात ट्रीटमेंट चालू होती. सकाळी सातपासून आमच्या गेटवर बसले होते. मी त्यांना समजावलं की हे औषध नाही, पेशी कशी वागते एवढंच बघितलंय, तर ते म्हणाले बाई, थोडं तरी द्या, आम्ही सही करून देतो. तो मुलगा माझ्या मागे उभा होता, त्याच्या तोंडून शब्द फुटेना. त्या गृहस्थांना मी डॉक्टरांशी बोलून देते म्हणाले, बोललेही, पण त्यांच्या हातात देण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं. तेव्हापासून आम्ही बातमीच्या पहिल्या परिच्छेदातच लिहितो की हे संशोधन प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवरचं आहे, यातून आज कुठलाही उपचार मिळत नाही. तरीही वाचण्यासारखं लिहिता येतं. पेशी उपाशी राहिली की स्वतःचेच जुने भाग मोडून त्यावर गुजराण करते, ही गोष्ट कुठल्याही आजीला सांगा, ती कान देऊन ऐकेल, दुष्काळात घरातली भांडी मोडून खाल्लेली माणसं तिने बघितलेली असतात.

तुम्ही शेवटी लिहिलंय की जर्नल फार मोठं नाही म्हणून ती थोडी खट्टू आहे. तिला ऑटोफॅजीवर नोबेल मिळालेल्या जपानी ओसुमींचं सांगा. योशिनोरी ओसुमींनी १९८८ मध्ये स्वतःची छोटी लॅब सुरू केली तेव्हा ते त्रेचाळीस वर्षांचे होते, यीस्टची व्हॅक्युओल (लायसोसोमसारखीच पचवणारी पिशवी) बघत बसायचे. ऑटोफॅजी बिघडलेले यीस्टचे म्युटंट शोधले, पंधरा जनुकं हाती लागली, आणि तो पेपर १९९३ मध्ये फेब्स लेटर्समध्ये आला, पहिलं नाव मिकी त्सुकादा या विद्यार्थिनीचं. फेब्स लेटर्स म्हणजे आपल्यासारख्यांचंही जर्नल आहे, तिथे आपणही पेपर पाठवतो. २०१६ चं नोबेल त्या कामावर उभं आहे. जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून (त्यातल्या पेपरांचा सरासरी किती उल्लेख होतो त्या आकड्यावरून) माणसाचं काम मोजू नका असं सांगणारं डोरा घोषणापत्रसुद्धा २०१२ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोला सेल बायॉलॉजिस्टांच्याच वार्षिक सभेत ठरलं. आपल्याकडच्या फॉर्मांत तो रकाना अजून असतो हे खरंय, तिथे आकडा भरावा लागतो तर भरा, पण वर दोन ओळीत लिहायला शिकवा की मी काय दाखवलं आणि आधी काय माहीत नव्हतं.

फेलोशिप कधी संपते ते बघितलंत का? पेपर येतो तेव्हा बहुतेकांची पाच वर्षं संपत आलेली असतात, आणि हे सगळं वरचं काम म्हणजे तीन-चार महिने बिनपगारी राबणं होऊन बसतं. तुमच्या प्रोजेक्टमध्ये जागा असेल तर तिला त्यात घ्या, नसेल तर प्राचार्यांकडे काही तासांचे लेक्चर तरी मागा. घरून लग्नाचं चालू असेल तर सत्काराच्या दिवशी तिच्या वडिलांशी पाच मिनिटं बोला, पोस्टडॉक म्हणजे नोकरी आहे, पगार असतो, हे त्यांना गाइडच्या तोंडून ऐकायचं असतं.

आणि सर, पाऊस तोंडावर आलाय. तिच्या सेल लाइनच्या व्हायल्स (गोठवलेल्या पेशींच्या कुप्या) एकाच नायट्रोजन कॅनमध्ये असतील तर या आठवड्यात निम्म्या दुसरीकडे हलवा, ओळखीच्या लॅबमध्ये, माझ्याकडे जागा आहे. गणेश चवथीच्या सुट्टीत नायट्रोजन भरणारा येत नाही, कॅनची पातळी कुणी बघत नाही, आमच्याकडे एका वर्षी असाच कॅन कोरडा पडला आणि तीन वर्षांच्या क्लोन्स गेल्या. प्रत्येक लाइनच्या चार तरी व्हायल्स, सुरुवातीच्या पॅसेजच्या, झाकणावर आणि बाजूला दोन्हीकडे लिहिलेल्या, मार्करने नव्हे, क्रायो लेबलवर. एक व्हायल उघडून वाढते का तेही बघा. आणायच्या आदल्या दिवशी फोन करा, मी कॅन भरून ठेवते.